कन्हानकाठचे पथ्य

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेला महामार्ग मौद्यापाशी कन्हान नदी ओलांडतो. छिंदवाड्याच्या डोंगराळ मुलखातून उतरलेली ही नदी कामठीजवळ पेंचेचे पाणी सामावून घेते आणि मौद्याला येईपर्यंत चांगली रुंदावते. पुढे ती वैनगंगेस मिळते. नदीच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या आहेत. आषाढात रोवणी सुरू झाली की त्या बांध्यांत आकाश उतरते आणि दिवाळीच्या सुमारास तोच परिसर पिवळा होतो. क्षितिजावर औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या दिसतात; २,३२० मेगावॅट क्षमतेचे हे केंद्र आल्यापासून मौद्याचे नाव दूरवर पोहोचले. बाबा जुमदेवांच्या परमात्मा एक सेवकांचा आश्रमही येथेच असल्याने बाहेरगावच्या माणसांची ये-जा असते. तरीही तालुक्याच्या या गावाचा मूळ स्वभाव धानाचाच. अडत, राइस मिल, किराणा आणि बारदान यांभोवती येथील व्यापार फिरतो.

अशाच एका धान्यव्यापाऱ्याच्या घरी शेरू राहतो. पुढे दुकान, मागे राहते घर आणि अंगणापलीकडे गोदाम, अशी जुनी बांधणी. गोदामाच्या राखणीसाठी सहा वर्षांपूर्वी जर्मन शेफर्ड जातीचे पिल्लू आणले गेले. घरातील आजींचा प्रथम विरोध होता. कुत्रा पाळायचा म्हणजे त्याला बांधायचे, आणि बांधायचे म्हणजे त्याच्या तहानभुकेचा भार आपल्या माथी घ्यायचा, हे त्यांचे म्हणणे होते. नातवंडांच्या हट्टापुढे ते टिकले नाही. दीड वर्षात शेरू ३२ किलोंचा झाला. त्याच्या नुसत्या उभे राहण्याने गोदामाची राखण होऊ लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याचे अंग उतरू लागले. विलक्षण गोष्ट ही, की त्याची भूक मात्र वाढली होती. दिलेले सारे संपवून तो रिकामे भांडे चाटत बसे. दिवसातून पाच-सहा वेळा फिकट, तेलकट आणि भसाभस शौचास होई. पोटातील गुडगुड ओसरीपर्यंत ऐकू येई. केस राठ झाले आणि बरगड्या मोजता येऊ लागल्या. गोदामातील हमालाने एका वाक्यात रोग सांगितला होता, “खाते लय, पण आंगाले लागत नाही, आजी.” पण ते वाक्य कोणी रोगाचे लक्षण म्हणून ऐकले नाही.

सर्वांनी दया केली, आणि त्या दयेनेच पुढचे चार महिने गेले. सुनेने पोळीवर तूप वाढवले. दुकानात येणारी गिऱ्हाइके फरसाणाचा तुकडा टाकू लागली. आजींनी ताक दिले, बेलाचा मुरंबा दिला, एक दिवस लंघनही करविले. जंताचे औषध दोनदा झाले. जवळच्या एका पशुवैद्याने जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या की मूळ पदावर. शेवटी शेरू स्वतःची विष्ठा खाताना दिसला, तेव्हा ज्या घरात पाणीसुद्धा गाळून वापरतात त्या घराला ते असह्य झाले. त्याला कायमचे गोदामामागे ठेवावे, असे बोलणे निघाले. वजन तोवर २२ किलोंवर आले होते.

थोरल्या मुलाने मात्र एका पहाटे त्याला गाडीत घातले आणि नागपूर गाठले. सेमिनरी हिल्सच्या झाडीत नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५८ साली सुरू झालेले हे महाविद्यालय आज, नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. विदर्भातील गायी-म्हशींबरोबर कुत्री-मांजरेही येथील चिकित्सालयात येतात. तेथे प्रश्न विचारले गेले ते भुकेचे, विष्ठेचे आणि जातीचे. उपाशीपोटी काढलेले रक्त टीएलआय नावाच्या तपासणीसाठी पाठवण्यात आले. अहवालातील आकडा निदानाच्या २.५ या मर्यादेच्याही पुष्कळ खाली होता. रोगाचे नाव एक्झोक्राइन पॅन्क्रिएटिक इन्सफिशियन्सी, व्यवहारात ईपीआय.

स्वादुपिंड हा अवयव व्यापारी घरांना मधुमेहामुळे चांगला परिचित आहे. त्याचा एक भाग इन्शुलिन तयार करतो. दुसरा, फार मोठा भाग, अन्न पचवणारी विकरे आतड्यात सोडतो. ईपीआयमध्ये हा दुसरा भाग झिजून जातो. जर्मन शेफर्ड जातीत ही झीज आनुवंशिक असते आणि बहुधा ऐन तारुण्यातच प्रकट होते. सुमारे नव्वद टक्के क्षमता गेल्यावरच लक्षणे दिसतात, म्हणून रोग कळतो तो उशिरा. अन्न पोटात जाते, पण त्याचे पोषण होत नाही. भरल्या भांड्यासमोर प्राणी उपाशी राहतो. विष्ठा खाणे हेही त्या उपासमारीचेच लक्षण. ते कळल्यावर ज्यांनी त्याला गोदामामागे ठेवण्याची भाषा केली होती, त्यांच्या माना खाली गेल्या.

उपचार सोपा होता. प्रत्येक जेवणात पाचक विकरांचे चूर्ण मिसळायचे, ‘ब १२’ जीवनसत्त्वाची इंजेक्शने द्यायची आणि पथ्य आयुष्यभर सांभाळायचे. रोग बरा होत नाही, पण नीट सांभाळले तर कुत्रा आपले पूर्ण आयुष्य जगू शकतो. घर कोणते आहे हे पाहून डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट स्वतःहून सांगितली. हे चूर्ण डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असते.

त्या रात्री मौद्याच्या घरात फारसे कोणी बोलले नाही. हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय बिस्किटाचा पुडाही न घेणाऱ्या कुटुंबाला, औषधांवर तसा ठिपका नसतो हे प्रथमच लक्षात आले. माणसांना दिल्या जाणाऱ्या पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूलही त्याच मुळापासून येतात, हे समजले तेव्हा दिवंगत आजोबांचे शेवटचे वर्ष आणि त्यांच्या उशाशी असलेली डबी सर्वांनाच आठवली. आजी उठून आत गेल्या.

दुसरा मार्ग शोधला गेला नाही असे नाही. बुरशीपासून तयार केलेली विकरे मिळतात. डॉक्टरांनी या रोगात त्यांचा फारसा उपयोग होत नाही असे स्पष्ट सांगितले, तरीही घराच्या समाधानासाठी तीन आठवडे ती देऊन पाहिली. विष्ठेत फरक पडला नाही आणि काटा २१ किलोंवर आला. ‘ब १२’ची चिंता मात्र नव्हती, ते जीवनसत्त्व जिवाणूंच्या किण्वनातून तयार करतात. म्हणजे दोन औषधांपैकी एक निर्दोष निघाले, आणि ज्यावाचून चालत नाही तेच सदोष.

आजींनी निर्णय दिला तो स्वाध्यायानंतर. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अतिभार लादणे यांच्या पंक्तीला अन्नपाण्याचा निरोध येतो. लहानपणापासून त्यांनी तो पाठ केला होता. त्या म्हणाल्या, “आपण त्याला बांधले, म्हणून तो आपल्याच हातचे खातो. त्याला दुसरे दार नाही. व्रत माझे आहे; त्याची किंमत त्याच्या पोटातून वळती करता येणार नाही. दोष लागतो, लागू दे. तो माझ्या नावे मांडा.” चूर्ण स्वयंपाकघरात आणायचे नाही, ओसरीवरील स्वतंत्र कपाटात ठेवायचे, त्याचा चमचा आणि भांडे वेगळे, इतकी अट त्यांनी घातली. दोष नाहीच असे कोणी समजावू लागले तर त्या ऐकून घेत नाहीत. चूर्णाचा नवा डबा घरात येतो त्या दिवशी त्यांचे एकाशन असते.

मुक्या प्राण्यांचा भार वाहण्याची व्यापारी समाजाची परंपरा जुनी आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रजी अंमलाने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि इतर व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. व्यापाराच्या मालावरील लहानशा लाग्यातून तिचा खर्च चालवण्याची व्यवस्था झाली. जीवंधरकुमाराने मरणासन्न कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव यक्षयोनीत गेला, ही कथा तर घरोघरी मुलांना ठाऊक असते. परंतु पांजरपोळीला देणगी देता येते आणि मंत्र एकदा सांगितला की कथा पुढे सरकते. दीर्घ आजारी प्राण्याचे पथ्य मात्र देणगीने भागत नाही. ते रोज, ठरल्या वेळी, ठरल्या मापाने करावे लागते.

शेरूची तीन जेवणे ठरली आहेत : सकाळी सात, दुपारी एक आणि सूर्यास्तापूर्वी. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरात तिसरी वेळ कधी चुकत नाही. पथ्याच्या मुळाशी आहे तो मौद्याचा तांदूळ. फार चोथ्याचे अन्न या रोगात विकरांच्या कामात अडथळा आणते, म्हणून डाळीची साले, कोंडा, जाड पोळी वर्ज्य झाली आणि मऊ, गुरगुट्या भात आला. जोडीला साय काढलेल्या दुधाचे पनीर आणि पशुवैद्याने निवडून दिलेले शाकाहारी श्वानखाद्य असते. अशा आहारात काय कमी पडते ते त्यांनीच पाहून पूरके लिहून दिली आहेत. अन्न ओलसर करून त्यात चूर्ण नीट कालवतात, कारण कोरडे चूर्ण तोंडाला जाळते आणि नाकात गेले तर त्रास देते. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तास घातक असतात. या घरात ते मुळातच नाहीत. शिऱ्यातील मनुका आणि चॉकलेट यांची खबरदारी मात्र मुद्दाम घ्यावी लागते, कारण तीही कुत्र्याला विषासमान आहेत.

दुकानाच्या गल्ल्यापाशी एक लांबोडकी वही आहे. उधारीच्या वह्यांसारखेच तिला लाल कापडाचे पुठ्ठे आहेत. तारीख, वजन, किती वेळा शौच, कसे, काय खाल्ले आणि इंजेक्शन केव्हा, असे तिचे रकाने आहेत. पहिल्या महिन्यात वजन २१ वरून २४ झाले. एका वर्षाने ते ३० वर स्थिरावले. पण वहीत सगळे जमेचेच आकडे नाहीत. एका दिवाळीत शेजारच्या मुलाने प्रेमाने दोन करंज्या चारल्या आणि पाच दिवस घर झोपले नाही. एका पावसाळ्यात चूर्णाचा डबा नागपुरात मिळेना. नऊ दिवसांत दीड किलो उतरले. तेव्हापासून एक डबा नेहमी शिल्लक ठेवतात. दुकानाच्या खांबावर पाटी लागली आहे : ‘शेरूस काहीही खाऊ घालू नये.’ काही जुन्या गिऱ्हाइकांना ती कंजूषपणाची वाटते. त्यांना समजावण्याचे काम आता हमालच करतो, “तुमची दया त्याले पचत नाही, भाऊ.”

घराच्या प्रवासावरही या पथ्याने मर्यादा घातली. संमेदशिखराची यात्रा निघाली तेव्हा थोरला मुलगा मागे राहिला. पुढच्या खेपेस सून राहील असे ठरले आहे. सर्वांना मिळून जाता येते ते रामटेकला. उत्तरेस तासाभराच्या अंतरावरील तेथील दिगंबर जैन क्षेत्रात शांतिनाथ भगवंतांचे दर्शन घ्यायचे आणि ऊन कलण्याआधी घरी पोहोचायचे, हा आता कुटुंबाचा परिपाठ आहे. आजी मंदिराच्या पायरीवर बसून सूर्याकडे पाहतात आणि मुलांना उठवतात.

मौद्याची संध्याकाळ लवकर निवते. महामार्गावरून ट्रक जात राहतात, बाजारातून माणसे पांगतात, आणि गोदामाची शटरे एकामागून एक खाली येतात. दूर चिमण्यांवरील तांबडे दिवे लागायला अजून अवकाश असतो. थोरला मुलगा ओसरीवरील कपाट उघडतो, वेगळ्या चमच्याने चूर्ण मोजतो आणि भात कालवतो. शेरू शेपूट हलवीत बसून राहतो. भांडे खाली ठेवल्याशिवाय तो उठत नाही. आजी आपल्या जागेवरून हलत नाहीत, चूर्णाला हात लावत नाहीत. भांडे रिकामे झाले की त्या नातवाला एवढेच विचारतात, “वहीत लिहिले का?” नातू गल्ल्याकडे जातो, आणि उजेड आहे तोवर त्या दिवसाची ओळ पुरी करतो.