बुडिताच्या पाण्यावर दुसरी मोटर

नंदुरबार जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला मिरचीचा बाजार, तोरणमाळचे थंड पठार आणि काठीची होळी आठवते. परंतु सातपुडा ओलांडून उत्तरेला उतरल्यावर जो नंदुरबार दिसतो, तो फार थोड्यांनी पाहिलेला आहे. धडगावहून भुषाकडे किंवा अक्कलकुव्याहून मोलगीमार्गे नर्मदेकडे निघावे. घाटाची वळणे, मोहाची झाडे आणि डोंगरउतारावरची एकेकटी घरे मागे टाकीत रस्ता खाली उतरत जातो आणि अखेर पाण्यापाशी संपतो. पुढचे गाव मात्र तेथे संपत नाही. ते पाण्यापलीकडे असते.

हे पाणी पूर्वी असे पसरलेले नव्हते. ज्या सरदार सरोवराचा पायाचा दगड ५ एप्रिल १९६१ रोजी बसविण्यात आला, त्याचे हे बुडीत क्षेत्र. धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच पूर्ण भरले. महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे त्याच्या फटक्यात सापडली. पुष्कळ कुटुंबे तळोदा-शहादा भागातील वसाहतींत गेली. जी मूळ गावी डोंगरावर वर सरकून राहिली, त्यांचे पाडे पाण्यामुळे एकमेकांपासून तुटले. जेथे पूर्वी पायवाट होती तेथे आता होडी लागते. बाजार, रेशन, दवाखाना, बाळंतपण, सगळे होडीवर अवलंबून.

जमीन गेली तेव्हा या आदिवासी बांधवांनी पाण्यालाच शेत मानले. मासेमारी वाढली, सहकारी संस्था उभ्या राहिल्या. परंतु येथे मासेमारीची होडी केवळ मासेमारीची राहत नाही. सकाळी तीच जाळे काढते, दुपारी तीच बाजारकरू नेते आणि रात्री कोणाच्या पोटात दुखू लागले तर तीच रुग्णवाहिका होते. म्हणूनच वरवर पाहता क्षुल्लक वाटणारा एक प्रश्न येथे फार मोठा आहे: होडीवर एक मोटर असताना दुसरी, जादा मोटर ठेवावी की नाही?

एका काठावर मी एका होडीवाल्याला हे विचारले. "दादा, मागे एवढी एकच मोटर? मध्येच बंद पडली तर?"

तो म्हणाला, "वल्हं आहे ना भाऊ. दुसऱ्या मोटरीला पैसा कुठून आणू? आणली तर रात्री तिची राखण कोण करील?"

शेजारी जाळे सांधत बसलेला म्हातारा मान वर न करताच बोलला, "वल्हं तुला एकट्याला आणील. वीस माणसं बसली आणि वारा उलटा सुटला, मग वल्हं काय करील?"

दोघांचेही म्हणणे खरे आहे. तेव्हा शांतपणे हिशेब मांडून पाहू.

दुसऱ्या मोटरीविरुद्ध पुष्कळ बोलता येईल. ती विकत घ्यावी लागते आणि वापरली नाही तरी तिचा घसारा चालूच राहतो. होडीच्या मागच्या फळीवर आणखी दहा-पंधरा किलोचा भार येतो. चोरीची भीती असते. आणि मुख्य म्हणजे, महिनोन् महिने न चालविलेली मोटर ऐन वेळी दगा देते. तिच्यातले पेट्रोल शिळे होते, कार्ब्युरेटर चिकटतो, माणूस दोरी ओढून ओढून थकतो. अशी मोटर जवळ असणे म्हणजे खोटा धीर.

आता दुसरी बाजू. या पाण्याखाली बुडालेले जंगल आहे. पाणी उतरू लागले की वाळक्या झाडांचे शेंडे पृष्ठभागाजवळ येतात. पंख्याला फांदी लागली की पिन तुटते. कधी आपलेच जाळे पंख्यात गुंडाळले जाते, कधी गाळाने थंड पाण्याची वाट बंद होऊन इंजिन तापते, कधी प्लग ओला होतो. नदी वाहती आणि उथळ होती तेव्हा बांबू टेकवून होडी काठाला लावता येई. आता खोल पाण्यात बांबू तळाला लागत नाही. अशा वेळी दोन-अडीच हॉर्सपॉवरची लहान मोटरदेखील होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवते आणि हळूहळू का होईना काठ गाठून देते.

म्हणून सर्वांना एकच नियम लावता येणार नाही. काठाजवळ जाळे टाकणाऱ्या एकट्या-दुकट्या मच्छीमाराने दुसऱ्या मोटरीसाठी कर्ज काढू नये. दोन चांगली वल्ही, नांगर, लांब दोर, जादा प्लग, जादा पिन, पाना आणि बॅटरी एवढे त्याने न चुकता ठेवावे. दूर जाणाऱ्यांनी जोडीने जावे, म्हणजे एक बंद पडली तर दुसरी ओढून आणील. परंतु जी होडी माणसे वाहते, तिच्यावर दुसरी मोटर असलीच पाहिजे. तिचे पेट्रोल वेगळ्या डब्यात असावे, कारण एकाच टाकीत पाणी गेले तर दोन्ही मोटरी एकदमच बसतील. दर आठवड्याला ती दहा मिनिटे चालवावी. आणि ती एकट्याच्या खिशातून न घेता संस्थेने घ्यावी. प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम दुरुस्ती निधीत टाकली तर हा भार कोणा एकाला जड जाणार नाही.

मात्र एक गोष्ट ठणकावून सांगितली पाहिजे. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकरसंक्रांतीच्या दिवशी, भुषाजवळ नर्मदेत पूजेसाठी निघालेल्या लोकांची बोट उलटली. तिच्यात पन्नासहून अधिक माणसे, लहान मुलांसह, बसली होती. काही जणांचे प्राण गेले. त्यांत बालके होती. होडीत मावतील त्याहून जास्त माणसे बसविल्यावर दोन काय, चार मोटरी असल्या तरी त्या वाचवू शकत नाहीत. म्हणून पैशाचा क्रम असा असावा: आधी प्रत्येक माणसाला, तान्ह्या मुलालासुद्धा, लाइफ जॅकेट. मग किती माणसे बसवायची तो आकडा होडीवर ठळक अक्षरांत. आणि त्यानंतर दुसरी मोटर. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने प्रवासी नेणाऱ्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने बंधनकारक केली आहेत. तो कायदा या डोंगरातल्या घाटापर्यंत पोचविणे हे शासनाचे काम आहे, आणि तो मागणे हे आपले.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची लहान होडी मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारीत सुमारे १८ किलोमीटरचा जलप्रवास करून गरोदर माता व बालकांपर्यंत आहार पोचविला. देशाने त्यांचे कौतुक केले आणि ते योग्यच झाले. परंतु पोषण आहार एका बाईच्या दंडांच्या बळावर पोचावा ही व्यवस्थेला शोभणारी गोष्ट नव्हे. नर्स, शिक्षक, ग्रामसेवक म्हणून आपल्या समाजातील मुलेमुलीही या तालुक्यांत नोकरीला जातात आणि याच होड्यांत बसतात. तेव्हा हा प्रश्न 'त्यांचा' म्हणून सोडून देता येणार नाही.

परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४५ मध्ये जो केंद्रीय आयोग स्थापन झाला, त्याच्या नावात सिंचनाबरोबर जलमार्ग आणि जलवाहतूक हे शब्द होते. नदी अडवायची तर तिच्यावरून माणसांनी जायचे कसे, याचाही विचार त्याच योजनेत व्हावा, हा त्याचा अर्थ. सरदार सरोवराने वीज दिली, पाणी दूरवर नेले. ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभे आहे, त्यांना सुरक्षित होडी मात्र अजून मागावी लागते.

भगवान बुद्धांनी तराफ्याचा दृष्टांत दिला आहे. पैलतीराला पोचल्यावर तराफा डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस शहाणा नव्हे, असे ते सांगतात. पण पाणी ओलांडायचे आहे तोवर तराफा नीट बांधलेला हवा, हेही त्यातच आले. नर्मदेकाठच्या माणसाला हे पाणी रोज ओलांडायचे आहे.

धडगाव-अक्कलकुवा भागातील आपल्या कार्यकर्त्यांना विनंती, की येत्या ग्रामसभेत हे तीन विषय लेखी मांडावेत: लाइफ जॅकेट, माणसांची मर्यादा आणि प्रवासी होडीला दुसरी मोटर. ठरावाची प्रत तहसीलदारांना द्यावी आणि पोच घ्यावी. पोच नसलेला कागद सरकारी दफ्तरात सापडत नाही.

जयभीम!