पानात काय गुंडाळायचं

गेल्या दिवाळीनंतर एक काकू तपासणीचे कागद घेऊन आल्या. "मॅडम, महिना झाला, रात्रीची पोळी सोडली. लेट्यूसच्या पानात गुंडाळून खाते, तरी साखर हलत नाही." आत काय भरता, असं विचारलं. बटाटा-मटारची भाजी आणि वर टोमॅटो केचप. पोळीची जागा बटाट्याने घेतली होती आणि केचपमध्ये तर वजनाच्या सुमारे पाव भाग साखरच असते. चूक काकूंची नव्हती. 'पोळीऐवजी पान' एवढं सांगून आम्ही आहारतज्ज्ञ थांबतो आणि खरी गोष्ट सांगायची राहून जाते.

३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदकं असतात. १०० ग्रॅम आइसबर्ग लेट्यूसमध्ये जेमतेम ३ ग्रॅम, बाकी ९५ टक्क्यांच्या वर पाणी. म्हणजे पान पोट भरत नाही, ते फक्त धरून ठेवतं. जेवण आहे ते सारणात.

सारणात प्रथिनं हवीत, आणि इथे घरोघरी घोटाळा होतो. मटकी-मूग म्हणजे प्रथिनं, असं आपण मानतो. ती असतातच, पण कडधान्यात कर्बोदकं त्यांच्या दुपटीहून जास्त असतात. मटकी चांगलीच, मात्र कर्बोदकं खरोखर कमी करायची असतील तर पनीर, अंडी, चिकन किंवा मासे यांच्याकडे वळावं लागतं. १०० ग्रॅम पनीरमधून साधारण १८ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

माझ्या घरी चिकनचा खिमा होतो. दोघांना पाव किलो. पसरट कढईत तेल तापवून आलं, लसूण, हिरवी मिरची परतायची आणि मोठ्या आचेवर खिमा टाकायचा. तो पाणी सोडतो. ते पूर्ण आटेपर्यंत आणि खिमा शिजून मोकळा होईपर्यंत हलायचं नाही, कारण ओलसर सारण पान फाडतं. रस दाट करायला कॉर्नफ्लोअर लावू नका, तो निव्वळ स्टार्च आहे. बारीक चिरलेली ढोबळी मिरची, मूठभर शेंगदाण्याचा जाडसर कूट, कोथिंबीर, लिंबू. पनीर घेतलंत तर कुस्करून असंच, फक्त कमी वेळ. सारण कोमट झाल्यावरच पानात घाला. गरम सारणाने पान लगेच मान टाकतं.

आइसबर्गची पानं सुटी करताना फाटतात, ही सगळ्यांची तक्रार. गड्डा देठाकडून ओट्यावर जोरात आपटा, आतला दांडा सैल होऊन उपसून येतो. त्या खळग्यात नळाची धार सोडली की पाणी थरांमध्ये शिरतं आणि पानं अख्खी सुटतात. मग प्रत्येक पान वाहत्या पाण्याखाली धुऊन बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पेशी पाणी शोषून पुन्हा ताठ होतात, कुरकुरीतपणा येतो तो त्यामुळे. नंतर सुती फडक्यावर पानं अगदी कोरडी करायची. हे टाळलं तर सगळी मेहनत वाया जाते. एकात एक दोन पानं ठेवली तर सारण गळत नाही. लेट्यूस मिळत नसेल तिथे कोबीचं पान उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून घ्या. मला तर त्याची चव जास्तच आवडते.

पानात घास गुंडाळण्याची कोरियातली रीत जुनी आहे. तिला 'स्साम' म्हणतात. लेट्यूसच्या पानात मांस, आंबवलेल्या सोयाबीनची तिखट पेस्ट, लसूण, आणि पुष्कळदा भातसुद्धा. पान आलं म्हणजे कर्बोदकं गेली, असं तिथेही नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर पोळी-भात एकदम सोडू नका. औषधाचं प्रमाण तेच राहिलं आणि जेवणातली कर्बोदकं घटली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. घाम, थरथर, गोंधळ. आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनीही प्रथिनं वाढवण्यापूर्वी विचारावं.

काकूंशी मी हे सगळं बोलले, त्यांच्या डॉक्टरांशीही. आता त्या पानं एका ताटात आणि सारण वाडग्यात ठेवतात, कारण भरून ठेवलेलं पान दहा मिनिटांत मऊ पडतं. घास घ्यायच्या वेळीच भरायचं. त्याच वाडग्यातलं सारण त्यांचा नातू गरम पोळीत गुंडाळून खातो, त्यामुळे रात्री दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत.