खाजणातला कोल्हा

ओहोटीला पनवेलची खाडी उघडी पडली की चिखलावर आधी दिसतो निवटा. जात माशाची, पण पाण्यात रमेल तर शपथ! डोक्यावर चढलेले बटबटीत डोळे, छातीचे पर हातांसारखे टेकत पुढे सरकणं, आणि माणसाची सावली पडली रे पडली की बिळात गडप. त्याच्या मागावर बगळे, खंड्या. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून आलेले तुतवार. आणि तिन्हीसांजेला तिवरांच्या आडून चिंबोऱ्या धुंडाळत येणारा कोल्हा.

या खाडीकाठी उलव्याची टेकडी होती, नव्वदेक मीटर उंच. विमानतळासाठी सुरुंगांनी ती भुईसपाट झाली. उलवे नदीला नवी वाट काढून दिली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही अशी दहा गावं उठली. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडू लागली. गावकऱ्यांना निदान भूखंड मिळाले; ते पुरेसे होते का, हा वाद निराळा. निवट्याला भूखंड कोण देणार?

कागदावर सगळं चोख आहे. 2022 च्या दुरुस्तीनं कोल्हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला. पनवेलजवळचं कर्नाळा 1968 पासून अभयारण्य आहे. ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांसाठी 2015 मध्ये अभयारण्य झालं. पण भरतीला तिथला चिखल बुडाला की तेच रोहित नवी मुंबईच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात, आणि त्यातल्या कितीतरी पाणथळींना अभयारण्याचं कवच नाही. तिवरांना उच्च न्यायालयानं 2018 मध्ये अभय दिलं, सार्वजनिक हिताची कामं वगळून. ते वगळणंच तर खाडीच्या मुळावर येतं! रस्ता, पूल, धावपट्टी, सगळं सार्वजनिक हिताचंच. विमानानं आम्हीही जाणार, त्यामुळे हळहळीतही थोडी लाज आहेच.

शिकाऱ्यापासून कोल्ह्याला वाचवणारा कायदा आपण केला. भरावाचा डंपर मात्र त्या कायद्याला शिकारी वाटत नाही. टेकडी परत येणार नाही. जी तिवरं, मिठागरं, पाणथळी उरली आहेत, ती तुकड्यातुकड्यानं नव्हे, एकच खाडी म्हणून अधिसूचित करा, आणि तेही पुढच्या भरावाआधी.