कृष्णेच्या उतारावरची दोन शहरं

अजिंक्यताऱ्यावर सकाळी उभं राहिलं की साताऱ्याचा नकाशा पाहायची गरज उरत नाही. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, पायथ्याच्या उतारावर दाटीनं बसलेल्या पेठा, खाली पोवई नाका आणि पूर्वेला माहुलीकडे उघडत जाणारं कृष्णा-वेण्णेचं खोरं. १७०८ मध्ये याच किल्ल्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे गडाखाली शहर वाढलं. डोंगरानं त्याला कासचं पाणी दिलं, तशी हद्दही घालून दिली. २०११ च्या जनगणनेत पालिका हद्दीत जेमतेम १ लाख २० हजार माणसं मोजली गेली. प्रत्यक्षात वस्ती शाहूपुरी, विलासपूरकडे केव्हाच सरकली होती. २०२० च्या हद्दवाढीनं ती कागदावर आली.

सांगलीला महामार्गानं लवकर पोचता येतं, पण मी पॅसेंजर धरली. ही गाडी कृष्णेच्या खोऱ्यातून जाते आणि मला नदीच्या कलानंच खाली उतरायचं होतं. कोरेगाव, रहिमतपूर, मसूर अशी गावं मागे पडत गेली. मार्च होता, ऊस बराचसा तुटला होता, पाचट जाळलेली रानं काळी दिसत होती. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून तो प्रीतिसंगम. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. इथून पुढे जमीन सपाट, काळी आणि भारी होत जाते.

कऱ्हाडला चढलेले एक आजोबा खानापूर तालुक्यातले निघाले. मुलगा कोइमतूरला गलाईच्या धंद्यात. मी गावाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, घरं बघाल तर दोन-दोन मजली. पर निम्म्यांना कुलपं. दिवाळीला आन् जत्रंलाच गाव भरतंय." विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरली. जावळी-पाटणच्या डोंगरातली मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीत गेली. सातारा जिल्ह्यात २०११ साली हजार पुरुषांमागे ९८८ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. कमावते पुरुष बाहेर आणि घर-शेत बायकांच्या अंगावर, हा या आकड्यामागचा मोठा भाग आहे. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माणदेशात पाचशेच्या आसपास. माणसं का हलली, ते या दोन आकड्यांतच कळतं. आता ताकारी, टेंभू, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून त्या माळांवर नेलं आहे आणि जिथं पाणी पोचलं, तिथं द्राक्ष-डाळिंब उभं राहिलं. आजोबा किर्लोस्करवाडीला उतरले. १९१० साली ओसाड माळावर वसवलेली ही कारखान्याची वसाहत.

सांगलीत उतरून मी आधी मार्केट यार्डात गेलो. नव्या हळदीचे ढीग लागले होते. एका अडत्यानं हळकुंड उचललं, कडकन मोडलं आणि तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आतला रंग गर्द नारिंगी, बोटाला लगेच लागणारा. "रंग असा पायजे, आणि मोडताना आवाज आला पायजे," तो म्हणाला. पूर्वी ही हळद हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यांतली बरीच पेवं बुडवली.

त्याच हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि सांगलीचं दुखणं तिथंच सुरू होतं. मी आयर्विन पुलावर गेलो. १९२९ मध्ये खुल्या झालेल्या या पुलावर फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वरून महाबळेश्वरचा पाऊस आणि कोयनेचा विसर्ग, खाली वारणेचा आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेचा लोंढा. मध्ये जमिनीला उतार नाही. पाण्याला फुगवटा येतो आणि ते दिवसेंदिवस शहरात बसून राहतं.

विश्रामबागेवरून वडापनं मिरजेला निघालो. रस्त्यात कुठंही शहर तुटत नाही. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली संस्थान उभं राहिलं. ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड पुन्हा एका महापालिकेत आले. २०११ साली तिथं ५ लाख २ हजार लोक होते. अमेरिकेत महानगर ठरवताना रोज कामाला ये-जा करणाऱ्यांचे भोवतालचे परगणेही धरतात. तसं मोजलं तर माधवनगर, बुधगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं जयसिंगपूरही याच शहरात येईल. मिरजेच्या दवाखान्यांत तर निम्मे पेशंट कानडी बोलताना ऐकू येतात. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासूनची लांबून उपचाराला मिरजेला यायची ही रीत. सतारमेकरांच्या गल्लीत पंढरपूरकडच्या भोपळ्यांची रांग वाळत होती. आणि याच मिरज जंक्शनवरून एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर.

साताऱ्याला डोंगरानं आवर घातला. सांगलीला आवर घालणारं कुणी नाही, म्हणून शहर नदीकडे सरकत गेलं. ओतात, म्हणजे पाणी वाहून जायच्या सखल जागेत, नाल्यांच्या कडेला, पूररेषेच्या आत घरं होत गेली. २०२७ ला पुन्हा जनगणना आहे. त्या वेळी महापालिकेनं माणसांबरोबर पूररेषेच्या आतली घरंही मोजावीत, तो आकडा प्रभागवार जाहीर करावा आणि त्या रेषेत एकही नवा परवाना देऊ नये. आणि सांगलीत प्लॉट घ्यायचा असेल तर आधी जुन्या माणसाला विचारा, २०१९ ला इथं पाणी किती होतं.