तट दोन, गाईड एक

आमच्या स्टाफरूममध्ये अनिवार्य इंग्रजी कसं शिकवावं यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, चांगलं साहित्य वाचून घ्या, भाषा मागोमाग येईल. दुसरा म्हणतो, बी.कॉम.च्या पोरांना कविता कशाला? अर्ज लिहिता येऊ दे, मुलाखतीत चार वाक्यं धड बोलता येऊ देत. दोघांचंही मला पटतं. पण दोघांच्याही तासाला चित्र एकच: सर बोलताहेत, मुलं उतरवून घेताहेत. एकीकडे कवितेचा सारांश, दुसरीकडे मुलाखतीची तयार उत्तरं. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन्हीकडची मुलं एकाच गाईडला शरण जातात.

साहित्याच्या बाजूने बोलताना मी जरा जपूनच बोलतो. इंग्लंडमध्ये विषय म्हणून रुजण्याआधीच इंग्रजी साहित्य हिंदुस्थानात शिकवलं जात होतं आणि त्यामागे राज्यकर्त्यांचे हेतू होते, हे गौरी विश्वनाथन यांनी १९८९ सालच्या ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’मध्ये दाखवून दिलं आहे. तेव्हा ‘साहित्याने संस्कार होतात’ हे पालुपद नको. पण म्हणून नुसत्या अर्जांच्या नमुन्यांवर वर्ष काढायचं, हेही जमत नाही. मुलं कंटाळतात, आणि मीही.

मला वाट सापडली ती एन. एस. प्रभूंकडे. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला, बंगळूर प्रकल्प म्हणून तो ओळखला जातो. व्याकरणाचे धडे देण्याऐवजी मुलांपुढे वेळापत्रकं, नकाशे ठेवायचे आणि कोडी घालायची. डोकं अर्थाशी झुंजत असलं की भाषेची घडण आत बसत जाते, ही त्यामागची धारणा.

मी हे कथेवर करून पाहतो. आर. के. नारायण यांची ‘अॅन अॅस्ट्रॉलॉजर्स डे’ घेतो. ज्याला आपण कधीकाळी भोसकून विहिरीत ढकललं, तोच माणूस ज्योतिषापुढे भविष्य विचारायला बसतो. ज्योतिषी सांगतो, तुझा वैरी लॉरीखाली मेला, आता घरी जा. मी कथानक सांगत नाही, एवढंच विचारतो: यानं त्याला फसवलं की वाचवलं?

वर्ग पेटतो, आणि अर्थातच मराठीत. पेटू द्यावा. इंग्रजीच्या तासाला मराठी ऐकू आली की काही सहकाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण विचार ज्या भाषेत येतो तिथूनच सुरुवात करावी लागते. मग अट घालतो: आपली बाजू इंग्रजीत पाच ओळींत लिहा, आणि प्रत्येक ओळीला कथेतला पुरावा द्या. ‘बिकॉज’ कुठे लावायचं, भूतकाळ कसा धरायचा, हे तेव्हा मुलं स्वतःहून विचारतात. लेखन मोडकंतोडकं असतं, पण त्यांचं असतं. अर्जात आपली बाजू मांडायला हीच तयारी कामी येते.

‘सर्वोत्तम’ अशी पद्धत नसते, असं प्रभूंनीच १९९० मध्ये लिहिलं. शिक्षकाला आपलं शिकवणं आतून पटलेलं असावं, यावर त्यांचा भर होता. त्यामुळे माझीच पद्धत सगळ्यांनी घ्यावी, असा माझा आग्रह नाही. अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या मित्रांना मात्र विनंती आहे: अभ्यासक्रमात साहित्य ठेवायचं की कौशल्यं, यावर बैठका जरूर घ्या, पण आधी प्रश्नपत्रिका बदला. जे उत्तर गाईडात छापता येतं, तो प्रश्न पदवीच्या वर्गाला विचारूच नका.