विमानांतील शिधा

विमानांतील सेवा म्हणजे हंसतमुखानें पेले पुढें करणें, अशी पुष्कळांची समजूत असते. खाजगी विमानावर सेवेस आम्ही एकटेच. आणि आमचें खरें काम उड्डाणाच्या आदल्या दिवशीं, भोजन मागवितांना होतें. न्यूयॉर्कजवळच्या टेटरबरो विमानतळावरून निघावयाचें असलें, तर २४ तास आधीं यादी गेलेली बरी. “कोंबडी, सहाजणांची” एवढें लिहून भागत नाहीं. रस्सा निराळा हवा कीं वर ओतलेला, डबे केवढे, सारें लिहावें लागतें. भट्टी पेटीएवढी, तींत न मावणारें ताट काय कामाचें? वर आंतील हवेचा दाब ६ ते ८ हजार फूट उंचीच्या डोंगरावरच्यासारखा, हवाही कोरडी. त्यामुळें मीठ व साखर जिभेस कमी लागतात. टोमॅटोची चव मात्र टिकते, म्हणून त्याचें सार आम्ही हटकून मागवितों.

आम्हांस खरा धाक तिळाचा. एका यजमानांच्या मुलास तीळ बाधतात. अमेरिकेंत १ जानेवारी २०२३ पासून बांधीव खाद्यांवर तिळाचा उल्लेख सक्तीचा आहे. आमच्या यादींतही तें ठळक लिहिलें होतें. तरी पुरवठादारानें कोशिंबिरीवर तिळाचें तेल घालून धाडलेंच! सुदैवानें विमान अद्याप जमिनीवर होतें. वास येतांच आम्हीं तो डबा व शेजारचेही परत केले, मुलापुरता साधा भात आणविला. उड्डाणास ४० मिनिटें उशीर झाला. यजमानांच्या कपाळीं आठी पडली. कारण ऐकून ती गेली किंवा कसें, हें पाहण्यास आम्ही थांबलों नाहीं. मुलाचें दूध तापत ठेवलें होतें.