वेबसाइटचा सातबारा

स्वतःची वेबसाइट हवी म्हणून माझ्या शिकवणीला येणारा माणूस बहुतेक वेळा रंगांपासून सुरुवात करतो. वर कोणता फोटो घ्यायचा, मेनू डावीकडे ठेवायचा की वर, आणि एकूण खर्च किती. तुमसरचा तांदळाचा व्यापारी असो, साकोलीचे निवृत्त गुरुजी असोत की भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करणारी मुलगी असो, प्रश्न साधारण हेच. त्यावर माझा एकच उलटा प्रश्न असतो : नाव कोणाच्या नावावर घेणार?

धानाच्या या मुलखात हा प्रश्न फोड करून सांगावा लागत नाही. शेत कसतो कोण, ठेक्याने दिले कोणाला, हे एकीकडे. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे दुसरीकडे. वेबसाइटच्या नावाचे, म्हणजे डोमेनचेही अगदी तसेच आहे. नाव देणाऱ्या कंपनीच्या नोंदीत ज्याचे नाव आणि ज्याचा ईमेल, तोच त्या पत्त्याचा धनी. साइट कोणी बांधली, पैसे कोणी दिले, आत फोटो कोणाच्या दुकानाचे आहेत, हे ती नोंद विचारत नाही.

नवशिक्याची गल्लत होते ती इथेच. वेबसाइट ही एक वस्तू नाही, त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नाव, म्हणजे डोमेन. दुसरी जागा, म्हणजे होस्टिंग : सतत चालू असलेला कुठला तरी संगणक, ज्यावर आपल्या फाइली ठेवलेल्या असतात. तिसरी गोष्ट मजकूर, म्हणजे त्या फाइलीच. विकणारे तिन्ही एका पुडीत बांधून देतात, म्हणून त्या एकच वाटतात. शिकताना ती पुडी सोडून तिन्ही गोष्टी टेबलावर वेगवेगळ्या मांडायच्या. तेवढे जमले की अर्धे शिक्षण झाले.

आधी नावाचे पाहू. डॉट इन या शेवटाने संपणाऱ्या नावांची नोंदवही ‘निक्सी’ ही २००३ मध्ये स्थापन झालेली ना-नफा संस्था सांभाळते. २००५ मध्ये ही नावे सर्वांसाठी खुली झाली. आपण थेट तिथे जात नाही. मान्यताप्राप्त रजिस्ट्रार कंपनीकडून नाव घेतो. ‘विकत घेतले’ असे म्हणतात खरे, पण तो मुदतीचा हक्क असतो : कमीत कमी एक वर्ष, एका वेळी जास्तीत जास्त दहा. मुदत संपली आणि नूतनीकरण झाले नाही, तर काही दिवस जुन्या धन्याला संधी मिळते, पुढे ती दंडासकट मिळते आणि अखेर नाव खुल्या बाजारात जाते. म्हणून पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये. दुसऱ्या वर्षीचा दर आधी वाचावा आणि त्यावरच निर्णय घ्यावा.

भांड्यांच्या धंद्यातल्या एका गृहस्थांनी कार्डांवर, पिशव्यांवर आणि दुकानाच्या फलकावर वेबसाइटचा पत्ता छापून घेतला होता. ज्याने साइट करून दिली त्याने डोमेन स्वतःच्या खात्यात घेतले होते. त्याने धंदा बदलला, फोन बदलला आणि मुदत उलटून गेली. मजकूर नव्याने लिहून झाला, जागाही नवी मिळाली, पत्ता मात्र परत आला नाही. तेव्हापासून माझा नियम असा : डोमेनचे खाते शिकणाऱ्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ईमेलवर उघडायचे. ऑफिसचा ईमेल नको, भाच्याचा नको, आणि माझा तर मुळीच नको. त्या ईमेलला जोडलेला मोबाइल नंबर बदलला, तर त्याच दिवशी तिथेही बदलायचा.

नाव निवडताना मी फोनवरची परीक्षा घ्यायला सांगतो. समोरच्याला नाव तोंडी सांगा आणि त्याला रोमन लिपीत टाइप करू द्या. पवनी हे गाव रोमन लिपीत निदान तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. पवनीच्या माणसाने गावाचे नाव डोमेनात घेतले, तर ग्राहक तीन दारांपुढे उभा राहणार. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या शेवटासह देवनागरीत नाव घेण्याची सोय आहे. दिसायला ते देखणे आहे. मात्र पडद्यामागची यंत्रणा अजून रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढेच ओळखते, त्यामुळे देवनागरी नावाचे एका सांकेतिक रोमन रूपात रूपांतर होते आणि काही ठिकाणी तेच अगम्य रूप डोळ्यांपुढे येते. देवनागरी नाव हौसेने जरूर घ्यावे, पण सोबत एक साधे रोमन नाव असू द्यावे.

नाव आणि जागा यांना जोडते ती डीएनएस ही यंत्रणा. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये तिची रचना मांडली आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. तुम्ही ब्राउझरमध्ये नाव टाकले की विचारणा सुरू होते. आधी मूळ सर्व्हरांना विचारले जाते, डॉट इनचा हिशेब कोणाकडे? मग डॉट इनच्या सर्व्हरला, या नावाची माहिती कोणाकडे? शेवटी त्या नावाचा नेमसर्व्हर आकड्यांतला आयपी पत्ता सांगतो. वाटेत प्रत्येक जण ते उत्तर ठरावीक वेळ स्वतःजवळ जपून ठेवतो. म्हणून जागा बदलल्यावर शेजाऱ्याच्या फोनवर नवी साइट दिसते आणि आपल्या फोनवर जुनीच. काही बिघडलेले नसते. अशा वेळी सेटिंग पुन्हापुन्हा बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पाहावे.

आता जागा. ‘घरीच जुना कॉम्प्युटर पडला आहे, त्यावर ठेवली तर?’ हे हमखास विचारले जाते. शिकण्यासाठी जरूर ठेवा. लॅपटॉपवर छोटा सर्व्हर चालवून त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये आपले पान उघडून पाहणे, हा माझ्या शिकवणीतला सर्वांत उपयोगी धडा आहे. सर्व्हर म्हणजे काही जादूचा डबा नाही, मागितली ती फाइल काढून देणारा कारकून आहे, हे तेव्हा डोळ्यांना दिसते. पण जगासाठी ती साइट घरून चालवायची तर दोन अडचणी आहेत. एक वीज : पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की लाइन कधी जाईल याचा नेम नाही. दुसरी तांत्रिक : मोबाइल नेटवर आणि पुष्कळ फायबर जोडण्यांवरही कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते. आपण बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला आपले दार सापडत नाही.

म्हणून नवशिक्याने फुकट मिळणाऱ्या साध्या जागेपासून सुरुवात करावी. गिटहब पेजेस ही सोय २००८ पासून आहे. तिथे एक जीबीपर्यंतची साइट ठेवता येते आणि तिला स्वतःचे डोमेन जोडता येते. अशा आणखीही सेवा आहेत. तिथे फक्त तयार फाइली ठेवायच्या. मागे डेटाबेस नाही, फोडण्यासारखा लॉगिनचा दरवाजा नाही. वर्डप्रेस २००३ मध्ये आले आणि ते उत्तम आहे, पण त्याला पीएचपी लागते, डेटाबेस लागतो आणि वेळच्या वेळी अपडेट लागतात. अपडेट न केलेल्या वर्डप्रेसवर यंत्रे दिवसरात्र कुलपे हलवून बघत असतात. आठवड्याला नवा मजकूर टाकायचा असेल, दोघातिघांनी मिळून लिहायचे असेल, तेव्हा तिकडे वळावे. चार पानांच्या साइटसाठी तो पसारा नको.

मजकुराकडे आलो की माझा जीव रमतो. पाने एचटीएमएलमध्ये लिहायची. टिम बर्नर्स-ली यांची पहिली वेबसाइट १९९१ मध्ये सर्न या संस्थेतून जगापुढे आली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्या काळातले साधे पान आजच्या फोनवरही उघडते. शीर्षक, परिच्छेद, दुवा, चित्र, यादी एवढ्या खुणा आल्या की पान उभे राहते. त्या शिकायला दोन संध्याकाळी पुरतात. मुख्य पानाच्या फाइलीला ‘इंडेक्स’ नाव द्यायचे, म्हणजे पत्ता टाकताच तीच उघडते. फाइलींची नावे रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवायची. विंडोजवर मोठी-छोटी अक्षरे सारखीच मानली जातात, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तिथे त्या दोन वेगळ्या फाइली असतात. घरच्या लॅपटॉपवर दिसणारा फोटो साइटवर गायब होतो, त्याचे कारण दहापैकी नऊ वेळा हेच.

मराठी मजकुराच्या खोड्या वेगळ्या. आपल्याकडची जुनी पुस्तके, स्मरणिका, गावच्या संस्थांचे अहवाल हे सगळे श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटांत जुळवलेले आहे. त्यांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असतात, त्यामुळे मजकूर साइटवर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. रूपांतर करणारी साधने आहेत, तरी त्यानंतर एकदा डोळ्यांखालून घालणे सुटत नाही. पानाच्या डोक्यावर यूटीएफ-८ ही सूचना लिहायची, म्हणजे ब्राउझर अक्षरांचा भलता अर्थ लावत नाही.

खुद्द ‘भंडाऱ्याचा’ हा शब्दच घ्या. त्यातला आडव्या रेघेचा ‘र’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरी, पाय मोडलेल्या साध्या ‘र्’नंतर एक अदृश्य जोडखूण देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात आणि पानात शोध घेतला तर एक सापडतो, दुसरा सापडतोच असे नाही. एक पद्धत धरावी आणि तीच पाळावी. मी ‘ऱ’ वापरतो. शिवाय पानाची भाषा मराठी आहे अशी खूण द्यावी. ज्या फाँटात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मग मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडते. फाँटासाठी पैसे मोजायची गरज नाही. ‘नोटो’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत.

वजनाचाही हिशेब करावा. यूटीएफ-८मध्ये देवनागरीतले एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे या लेखाएवढा मजकूर तीसेक केबीत मावतो. मोबाइलने काढलेला एक फोटो सहज तीन एमबीचा असतो. त्या एका फोटोच्या जागेत असे शंभर लेख बसतील. नागझिऱ्याच्या बाजूच्या गावात, जिथे नेटवर्कची एखादीच काडी दिसते, तिथे मजकूर लगेच येतो आणि फोटो गोल फिरत राहतो. रुंदी बाराशे पिक्सेलवर आणली की फोटो दोनशे केबीच्या आत येतो आणि फरक कोणाला कळतही नाही.

राहिले कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस. क्रोमने जुलै २०१८ पासून एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर ‘असुरक्षित’ असा शिक्का मारायला सुरुवात केली. त्याआधीच, २०१५ च्या अखेरीस, ‘लेट्स एनक्रिप्ट’ ही ना-नफा सेवा सर्वांसाठी खुली झाली होती. ती त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र फुकट देते आणि चांगल्या होस्टिंगमध्ये त्याचे नूतनीकरण आपोआप होते. साध्या वैयक्तिक साइटसाठी कोणी यासाठी वेगळे पैसे मागत असेल, तर कारण विचारावे.

एवढी यातायात कशाला, फेसबुकचे पान आहेच की, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी जिओसिटीजची गोष्ट सांगतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सेवेवर जगभरच्या लोकांनी घरची पाने थाटली. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपान सोडून सगळीकडे बंद केली. आपल्या पिढीचे ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये मिटले. दुसऱ्याच्या पत्त्यावर राहणाऱ्याला घर बदलताना पत्ता बरोबर नेता येत नाही. उलट उदाहरण मराठीतच आहे : १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली ‘मायबोली’ आजही आपल्या त्याच नावावर उभी आहे.

आणि आमच्या भंडारा जिल्ह्याकडे लिहिण्यासारखे भरपूर आहे. सरकारी माहिती जिल्ह्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळते, पण गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ कोणी बांधली, पाणी वाटपाचा रिवाज काय होता, हे तिथे येणार नाही. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी इथल्या झाडीबोलीचे दालन उघडले. त्या बोलीतले आपल्या आजीचे शब्द, दंडार या लोकनाट्यातले सवाल-जवाब, चिन्नोर धान पिकवण्याची घरची पद्धत, पितळी भांडी घडवणाऱ्यांची हत्यारे, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच लिहिता येईल. व्हॉट्सॲपवर टाकलेला असा मजकूर आठवड्यात वर सरकून जातो. स्वतःच्या पत्त्यावर ठेवलेला मजकूर वीस वर्षांनी पुण्यातल्या एखाद्या विद्यार्थ्यालाही सापडतो.

या दिवाळीच्या सुट्टीत एक पान लिहून पाहा. आधी लॅपटॉपवर, मग फुकटच्या जागेवर. आवडले तरच नाव घ्या. नाव स्वतःच्या ईमेलवर असू द्या आणि प्रत्येक फाइलीची एक प्रत घरी, एक पेनड्राइव्हवर ठेवा. होस्टिंग, रंग, मेनू, अगदी माझ्यासारखा शिकवणारासुद्धा, पुढे केव्हाही बदलता येतो.